कपड्यांच्या खोलीतलं मौन

प्रिय भिंगरी,

तुला तिथं दुसरं नाव दिलंय, ते मला ठाऊक आहे. पाकिटावर तेच घातलंय, नाहीतर पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. आत मात्र ते लिहवेना. भिंगरी हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं, तू घरात पाच मिनिटं एका जागी टेकायची नाहीस म्हणून. अकरा वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. मठात आलेली पत्रं आधी तुमच्या प्रमुख वाचतात असं ऐकलंय. वाचू देत. यात झाकण्यासारखं पुष्कळ आहे, पण आता झाकून ठेवायचाच कंटाळा आलाय.

आधी साधी बातमी. वृद्धाश्रम बंद झाला. तीन महिन्यांपूर्वी मी कपड्यांच्या खोलीची किल्ली ऑफिसात जमा केली आणि घरी आले. सत्तावीस वर्षं झाली होती. शाळा सुटल्यावर तू तिथं येऊन धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर पाय हलवत बसायचीस, ती हीच खोली. एका भिंतीला दोन मोठे ड्रायर, समोर फळ्या, मधे घड्या घालायचं लांब टेबल. प्रत्येकाच्या कपड्यावर आत लाल धाग्यानं शिवलेला नंबर. शेवटी शेवटी चौसष्ट म्हातारी माणसं होती. कुणाचा कुठला सदरा, कुणाची कुठली शाल, हे मला नंबर न बघता कळायचं. माणसांचं मात्र तसं कळलं नाही कधी.

तुला खरं तर त्या खोलीत बसणाऱ्या तिघांबद्दल सांगायचंय. पहिल्यांदा आल्या त्या मदर. कधीकाळी त्या तुमच्यासारख्याच, सहसा बाहेर न पडणाऱ्या नन्सच्या एका मठाच्या प्रमुख होत्या. मठात माणसं उरली नाहीत म्हणून मठ बंद झाला आणि त्या आमच्याकडे आल्या. आमचं प्रार्थनाघर सकाळी तासभर उघडायचे, मग खर्च नको म्हणून कुलूप. हॉलमध्ये टीव्ही. एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इथं उबेला बसू का, कशाला हात लावणार नाही. मी स्टूल दिलं. त्यांनी एका छोट्या पुस्तकातली एकच ओळ दोन-तीनदा वाचली, पुस्तक मिटलं आणि तासभर डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, डोळा लागला असेल. पण झोपलेल्या माणसाची मान अशी राहत नाही.

आठवड्याभरानं दाढीवाले बाबा आले, तुझे बाबा नव्हेत, सगळे त्यांना बाबाच म्हणायचे. ते पूर्वेकडच्या जुन्या चर्चचे साधू. त्यांचा लोकरी मोजा हरवला होता. मोजा सापडला, पण मदरना तसं बसलेलं पाहून ते जायचं विसरले. दुसऱ्या टोकाला बसले, बाहीतून गाठी मारलेली काळी लोकरीची दोरी काढली आणि एकेका श्वासाबरोबर एकेक गाठ सरकवायला लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. येशूचं नाव आणि दया कर एवढंच, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. तिसरे घड्याळजी. ते दुसऱ्याच मंडळीतले, जिथं ना फादर ना गाणी. सगळे गप्प बसतात आणि कुणाला आतून फारच वाटलं तर तो उठून दोन वाक्यं बोलतो. माझं भिंतीवरचं घड्याळ मागे पडायचं म्हणून मी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी घड्याळ उतरवलं, त्या दोघांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, हे दुपारी चार ते पाच बंदच ठेवलं तर चालेल का. तेव्हापासून रोज चार वाजता तिघं.

तुला वाटेल, आईनं चांगुलपणानं त्यांना जागा दिली. तसं नाही ग. तुझ्यावरचा राग होता तो. चोविसाव्या वर्षी, दातांच्या लॅबमधली चांगली नोकरी सोडून तू मठाच्या त्या जाळीआड गेलीस. दारात तुला मी काय म्हणाले होते ते मी विसरलेले नाही, तूही विसरली नसशील. म्हणाले होते, तिथं मेलीस तरी मला कळवायला सांगू नकोस. तुझे बाबा तुझी पेटी उचलून खाली घेऊन गेले आणि मी वर गॅस घासत बसले. गॅस स्वच्छच होता. नंतर वर्षानुवर्षं मला एकच प्रश्न होता, की नुसतं गप्प बसण्यात असं काय आहे की त्यासाठी माझी मुलगी मला सोडून गेली. आणि इथं तर गप्प बसणारी तीन माणसं माझ्याच फळ्यांसमोर येऊन बसली होती. मी घड्या घालत त्यांच्यावर लक्ष ठेवायची. चोर कुठून शिरतो ते बघावं तसं.

पहिले काही महिने त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पाच वाजले की मी चहा करायची आणि वाद सुरू व्हायचा. मदर म्हणायच्या, श्वास मोजणं ही युक्ती झाली, देव काय युक्तीनं येतो. बाबा म्हणायचे, तुमच्याकडच्या बायकांना दृष्टान्त फार होतात, मन डोक्यातून खाली हृदयात उतरवलं नाही की असंच होतं. घड्याळजींना दोघांचीही गंमत वाटायची. पुस्तक कशाला, दोरी कशाला, असं ते म्हणायचे, आणि बाबांना सांगायचे की तेवढी दाढी ड्रायरपासून लांब ठेवा, अडकली तर प्रार्थना फारच मनापासून होईल. बाबा हसायचे नाहीत, पण दाढी आत खोचायचे.

मग हळूहळू वादातली हवा गेली. कशी ते मला नेमकं सांगता यायचं नाही. एकदा मदर म्हणाल्या, बसल्यावर विचारांशी झटायचं नाही, दारावरून जाणाऱ्या माणसांसारखं त्यांना जाऊ द्यायचं. बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, आमच्या म्हाताऱ्या गुरूंनी मला अगदी हेच सांगितलं होतं, फक्त त्यांनी माश्या म्हटलं होतं. दुसऱ्यांदा घड्याळजी म्हणाले, गोड वाटायला लागलं की आम्ही सावध होतो, ते गोड आपणच कालवलेलं असतं. आता मदर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मदर ज्याला आतली खोली म्हणायच्या, त्याला बाबा हृदय म्हणायचे आणि घड्याळजी उजेड. आणि प्रार्थना खरी झाली की नाही हे कशावरून ओळखायचं, असं मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा तिघांनी जवळजवळ एकच सांगितलं. बसून उठल्यावर जो पहिला माणूस समोर येतो, त्याच्याशी तुम्ही कसे वागता यावरून. त्या दिवशी त्यांच्यासमोर पहिली मीच होते. मदरनी उठून माझ्याबरोबर चादरीचं दुसरं टोक धरलं. बाबा आणि घड्याळजींनीही धरलं. दोन जणांची चादर चौघांनी घडी केली, वेडीवाकडी. ती मी नंतर पुन्हा केली.

पण मला तुला सांगायची आहे ती दुसरी दुपार. वीज गेली होती. ड्रायर थांबले. ती घरघर सत्तावीस वर्षं माझ्या कानात इतकी मुरली होती की ती थांबल्यावर मला आधी भीतीच वाटली. तिघं बसले होते. मीही पहिल्यांदाच हातातलं काम ठेवून बसले. बराच वेळ गेला. आणि मग घड्याळजी उठून उभे राहिले. त्यांच्या मंडळीत आतून फार वाटल्याशिवाय कुणी उठत नाही, हे तोवर आम्हा सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ते म्हणाले, माझी बायको गेली त्याला चौदा वर्षं झाली, आणि तेव्हापासून या बसण्यात मला कुणी भेटलेलं नाही. एवढं बोलून ते बसले. मी वाट पाहत होते की बाबा काहीतरी धीराचं बोलतील. बाबा म्हणाले, माझी तशी एकोणीस वर्षं झाली. जीभ नाव घेते, आत काही हलत नाही. मग दोघांनी मदरकडे पाहिलं. मदरनी हातातलं पुस्तक उलटं-सुलटं केलं आणि म्हणाल्या, मी तर मोजायचंच सोडलं. मठाची प्रमुख होते तेव्हा रोज तीस जणींना धीर द्यायची आणि माझ्या खोलीत येऊन भिंतीकडे बघत बसायची. कुणालाच बोलले नाही.

त्यांच्या पुस्तकांत अशा अंधाराबद्दल लिहिलेलं असतं म्हणे. तिघांच्याही परंपरेत. तो अंधार संपतो असंही लिहिलेलं असतं. पण या तिघांचा संपलेला नव्हता आणि तिघांची वयं ऐंशीच्या पुढे होती. इतके दिवस ते एकमेकांत जे सारखं शोधत होते ते त्या दुपारी त्यांना सापडलं, आणि ते हे होतं. कुणी रडलं नाही. बाबा तेवढं म्हणाले, तरी आपण बसतो. त्यावर घड्याळजी म्हणाले, दुसरं येतं काय आपल्याला.

मला राग आला. मी विचारलं, मग माझी मुलगी अकरा वर्षं कशासाठी बसलीये. आवाज चढला होता माझा. बाबा आणि घड्याळजी खाली बघायला लागले. मदर म्हणाल्या, ते तिलाच विचारा. तुमचं पत्र जातं ना तिला? मी म्हणाले, जातं की. घड्याळजींनी माझ्याकडे पाहिलं. घड्याळ कानाशी धरून ऐकताना पाहायचे तसं. 

पुढचं सगळं भराभर झालं. ट्रस्टनं इमारत बंद करायचं ठरवलं. मी मॅनेजरच्या टेबलाशी जाऊन म्हणाले की या तिघांना एकाच ठिकाणी पाठवा. तो भला माणूस आहे. म्हणाला, कुठल्या खात्यात पाठवू, बाई? प्रत्येक चर्च आपापली माणसं घेतंय. मी अर्ज लिहिला. तिन्ही चर्चच्या ऑफिसांना एकेक प्रत पाठवली. एकाचं उत्तर आलं, आपल्या भावनांचा आदर आहे असं. आयुष्यभर वेगळ्या वाटांनी चालून तिघं एका खोलीत पोचले होते, त्यांना तीन गाड्यांत बसवून तीन दिशांना पाठवलं. मी त्यांच्या कपड्यांच्या बॅगा भरल्या.  निघताना बाबांनी मोजे आहेत ना विचारलं. मी म्हणाले, सहा जोड आहेत.

दाढीवाले बाबा पाचव्या आठवड्यात गेले. मला फोनवर कळलं, तेही मीच केला म्हणून. मी मदरना भेटायला गेले होते. त्यांची वाचा गेलीये. तिथल्या सिस्टर फार प्रेमळ आहेत, त्यांना एकटं वाटू नये म्हणून खोलीत दिवसभर भजनं लावून ठेवतात. मदर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी उठून ते बंद केलं. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा सैल झाला, मी पाहिलं. पाच मिनिटांनी नर्स आली, अरे, बंद कसं पडलं, म्हणाली आणि पुन्हा लावलं. मी तिला सांगितलं की यांना शांतता आवडते. ती म्हणाली, शांततेत माणसं खचतात हो. घड्याळजी हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलेले असतात. मला ओळखलं नाही. चार वाजले का, असं दोनदा विचारलं. मी हो म्हणाले तेव्हा शेजारच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून म्हणाले, मग ती दोघं कशी आली नाहीत.

आता मीच चार वाजता स्वयंपाकघरात बसते. ओळ वाचून पाहिली. दाढीवाल्या बाबांसारखं नाव घेऊन पाहिलं. काहीच न करता बसून पाहिलं. देव आला नाही. तुझे बाबा मात्र येतात. आणि आता त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं, इतका वेळ मी ते पुढे ढकलतेय हे तुझ्या लक्षात आलं असेल.

पहिली सात वर्षं ते वर्षातून दोनदा तुला जाळीपलीकडे भेटून यायचे. लिफ्टच्या कामावरून सुट्टी घेऊन, सहा तास बसनं. परत आल्यावर मी काही विचारायची नाही, आणि ते भिंतीला सांगितल्यासारखं सांगत राहायचे की भिंगरी बारीक झालीये, पण हसते. मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, अक्षरं नाचायला लागली. त्यांच्या कामावरच्या जोडीदारानं तुमच्या मठात फोन करून सांगितलं. त्यानंतर तुझी पत्रं बाबांच्या नावानं यायला लागली, वर्षातून दोनदा. आठ पत्रं. मी ती न उघडता कपड्यांच्या खोलीत लाल धाग्यांच्या खणात ठेवली. बाबा विचारायचे, पत्र? मी म्हणायची, नाही आलं, त्यांचे नियम कडक असतील. तुला लिही म्हणून ते मला सांगायचे. तुटक तुटक, एकेका शब्दाला घाम यायचा त्यांना. मी कागद-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसायची आणि लिहायची. काय लिहायची सांगू? चादरी बेचाळीस, अभ्रे साठ, टॉवेल अठ्ठावीस. त्यांना वाचता येत नव्हतं. पेन हललेलं दिसलं की त्यांना बरं वाटायचं. काय काय सांगितलं होतं त्यांनी, ते मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते.

तुझे बाबा गेले, भिंगरी. सात महिने झाले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तुला बोलावून घे म्हटलं. मी म्हणाले, कळवलंय. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, उत्तर आलं, ती येणार नाही म्हणते. दफनाच्या दिवशी त्यांच्या जोडीदारानं विचारलं, त्यालाही कळवलंय म्हणूनच सांगितलं. चौथ्या दिवशी मी कामावर गेले. तिघं माझ्याजवळ बसले होते. मदरनी विचारलं, मुलगी आली होती का? मी म्हणाले, परवानगी मिळाली नाही. मदर बराच वेळ माझा हात धरून होत्या. मग म्हणाल्या, मी एकवीस वर्षं प्रमुख होते, बाई. मरणाऱ्या बापाकडे जायला आम्ही कधी कुणाला अडवलं नाही. बाकीच्या दोघांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिघं आले आणि रोजच्यासारखे बसले. कुणी मला टाळलं नाही, कुणी मला सोडवलंही नाही.

गेल्या गुरुवारी तुझं नववं पत्र आलं, बाबांच्या नावानं. कपड्यांची खोली राहिली नव्हती, ठेवायला खण नव्हता. मी ते उघडलं, आणि मग खोली सोडताना घरी आणलेली आधीची आठही. पहिल्यात तू विचारलंयस, बाबा, मला इथून परवानगी आहे, तुम्ही हो म्हणालात तर येते. सहाव्यापासून तू लिहितेयस की प्रार्थनेत आता काही उरलेलं नाही, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, इथं कुणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगते. आणि या नवव्यात लिहिलंयस, बाबा, तिकडूनही उत्तर नाही आणि तुमच्याकडूनही नाही, निदान तुम्ही तरी एक ओळ पाठवा, आईला लिहायला सांगा, मग मी आणखी काही वर्षं बसेन. म्हणून हे पत्र. देवाच्या गप्प बसण्याबद्दल मला काही सांगता येत नाही. त्या तिघांनाही आलं नाही. पण दुसऱ्या बाजूनं तू चार वर्षं जे ऐकत होतीस ते बाबांचं मौन नव्हतं, मी होते. तू तिथं बसावंस की उठावंस, हे सांगायचा हक्क मी केव्हाच घालवला. माफी मागत नाही, ती तुझ्याकडून घेऊन मी ठेवू कुठे. बाबांची एकच ओळ मला आठवते. तू येणार नाहीस असं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, असू दे, ती तिथं आपल्यासाठीच बसलीये. तू मागितलेली ओळ म्हणून माझ्याजवळ एवढीच आहे, आणि तीही त्यांनी माझ्या खोट्याला दिलेलं उत्तर आहे.

तुझीच म्हणवून घेण्याचं तोंड नसलेली,
आई